भरतीचे मोल

निसर्गातील एखादी शक्ती माणसाने आपल्या कामास जुंपावी की नाही, हा प्रश्न तसा आजचा नाही. होडीवर शीड चढवले आणि ओढ्यावर पाणचक्की बसवली, तेव्हाच माणसाने त्याचे उत्तर देऊन टाकले. आज आपल्यासमोर उभा असलेला प्रश्न त्याहून बिकट आहे. एक चांगले कार्य सिद्धीस नेण्यासाठी दुसरी एक चांगली गोष्ट कायमची गमवावी लागत असेल, तर ते कार्य हाती घ्यावे काय? आणि घ्यायचे नाही असे ठरवले, तर त्या नकाराची किंमत कोणी मोजावी?

अशा प्रश्नांची चर्चा नुसत्या तत्त्वांवर केली, तर ती लवकरच शब्दांची कसरत होऊन बसते. म्हणून आम्ही येथे एक खरेखुरे उदाहरण हाती घेत आहोत. ते आहे ब्रिटनमधील सेव्हर्न नदीच्या मुखाचे. ह्या नदीमुखावर बांध घालून भरती-ओहोटीच्या पाण्यापासून वीज निर्माण करावी की करू नये, ह्याचा विचार तेथील लोक कित्येक पिढ्या करीत आले आहेत. देश परका असला, तरी प्रश्न परका नाही. भरती, ओहोटी, उधाण आणि भांग हे शब्द ज्यांच्या घरात रोज बोलले जातात, त्या किनारपट्टीवरील वाचकांना तर तो चटकन उमगेल.

सेव्हर्न ही ब्रिटनमधील सर्वांत लांब नदी. वेल्समधील डोंगरांत उगम पावून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करीत ती वेल्स व इंग्लंड यांच्या मधल्या ब्रिस्टल खाडीला मिळते. ही खाडी समुद्राकडे रुंद आणि आत येता येता अरुंद होत जाणारी, म्हणजे नरसाळ्याच्या आकाराची आहे. अटलांटिक महासागराची भरती ह्या नरसाळ्यात शिरली की पाण्याला पसरावयास जागा उरत नाही. ते वर चढू लागते. मोठ्या उधाणाला ओहोटीच्या पातळीपासून भरतीच्या पातळीपर्यंतचे अंतर १४ मीटरच्या घरात जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर हेच अंतर मोठ्या उधाणालाही साधारणपणे पाच मीटरच्या आतबाहेर असते, हे लक्षात घेतले म्हणजे सेव्हर्नच्या पाण्याचा आवेग ध्यानी येईल. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. ते पाहून एखाद्या अभियंत्याच्या मनात बांधाची कल्पना आली नसती, तरच नवल.

ती आलीही फार पूर्वी. १८४९ साली टॉमस फुलजेम्स यांनी ह्या नदीमुखावर बांध घालण्याची योजना मांडली. विजेचा विचार तेव्हा असणे शक्यच नव्हते. वीज मिळवण्याच्या दृष्टीने एका सरकारी समितीने १९३३ साली अहवाल दिला. पुढे सर हर्मन बॉन्डी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८१ साली, तर आणखी एका मोठ्या अभ्यासाने १९८९ साली हा विषय पुन्हा पुढे आणला. ह्या सर्व विचारांतून जी योजना मुख्य म्हणून पुढे आली, ती कार्डिफजवळच्या टोकापासून इंग्लंडमधील वेस्टनजवळच्या टोकापर्यंत सुमारे १६ किलोमीटर लांबीच्या बांधाची. त्यात २१६ टर्बाइने बसवायची होती आणि त्यांची एकूण क्षमता ८,६४० मेगावॅट असणार होती. ब्रिटनला लागणाऱ्या विजेपैकी सुमारे ५ टक्के वीज ह्या एकाच बांधातून मिळाली असती, आणि बांधाचे आयुष्य १२० वर्षे धरलेले होते.

ही वीज निर्माण होते कशी, हे थोडक्यात सांगणे जरूर आहे. भरतीच्या वेळी बांधाचे दरवाजे उघडे ठेवून पाणी आत घ्यायचे. भरती पूर्ण झाली की दरवाजे लावायचे. बाहेर ओहोटी लागून समुद्राची पातळी पुरेशी खाली गेली, की अडवलेले पाणी टर्बाइनांतून बाहेर सोडायचे. आतल्या आणि बाहेरच्या पातळीतील फरक हीच ह्या विजेची पुंजी. येथे कोळसा नाही, धूर नाही, राख नाही. वारा पडतो, ढग सूर्याला झाकतात. परंतु चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने येणारी भरती कधी चुकत नाही. पुढच्या शतकातील एखाद्या दिवशी भरती किती वाजता येईल, हेही आज गणिताने सांगता येते. मात्र हे वेळापत्रक चंद्राचे आहे, माणसाचे नाही. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्याने विजेची वेळ रोज साधारणपणे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कधी ती संध्याकाळी दिवेलागणीला हाताशी येते, तर कधी सारे गाव झोपलेले असताना. उधाणाला ती भरपूर मिळते, भांगाला फारच थोडी. म्हणून क्षमतेचा आकडा ८,६४० मेगावॅट असला, तरी वर्षभराची सरासरी त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच भरते.

इतके असूनही ह्या योजनेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके मानता येणार नाही. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणसाने हवेत जो कार्बन सोडला आहे, त्याने पृथ्वी तापू लागली आहे आणि समुद्र चढू लागला आहे. त्याची झळ प्रथम कोणाला लागते? ज्यांनी सर्वांत कमी कोळसा जाळला, अशा सखल किनाऱ्यांवरच्या गरिबांना. कोळशावर वीज निर्माण करून ती लोकांना पुरवणारे जगातील पहिले केंद्र १८८२ साली लंडनमध्येच सुरू झाले. अशा देशाला निसर्गाने धुराशिवायची एवढी मोठी शक्ती दाराशी आणून दिली असता त्याने ती वाहून जाऊ द्यावी, हे योग्य काय? सुंदरबनातील शेतकऱ्याची जमीन खारी होत असताना आपल्या नदीमुखाचे सौंदर्य जपणे ही सुखवस्तूंची चैन नव्हे काय? हा प्रश्न बोचरा आहे, आणि तो बोचणेच योग्य आहे.

आता दुसरी बाजू पाहू. सेव्हर्नचे मुख म्हणजे केवळ पाणी नव्हे. ओहोटीला तेथे मैलोगणती चिखल उघडा पडतो. अनोळखी माणसाला तो ओसाड वाटेल. परंतु खाडीकाठच्या माणसाला चिखल म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. ज्याने चिखलात निवट्या धरल्या आणि कालवे काढली, त्याला ती भूमी एखाद्या पिकल्या शेताइतकी जिवंत असल्याचे ठाऊक असते. सेव्हर्नच्या चिखलातील किडे आणि शिंपल्या यांवर हिवाळ्यात हजारो पाणपक्षी पोसले जातात. डनलिन नावाचे चिमुकले पक्षी आणि शेलडक बदके तेथे थव्याथव्यांनी उतरतात. रशियाच्या अतिउत्तरेकडील बर्फाळ प्रदेशातून बेविक हंस येतात. त्यांच्याच ओढीने पक्षितज्ज्ञ पीटर स्कॉट यांनी १९४६ साली नदीकाठच्या स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी आपली संस्था उभारली. सामन, शॅड, लॅम्प्री हे मासे समुद्रातून ह्याच वाटेने वर चढून सेव्हर्न, वाय आणि अस्क ह्या नद्यांत अंडी घालण्यास जातात. वाम माशांची काचेसारखी पारदर्शक पिल्ले महासागर ओलांडून ह्याच वाटेने गोड्या पाण्यात शिरतात. पाणथळींसंबंधीच्या रामसर कराराखाली ह्या नदीमुखाला संरक्षण मिळाले आहे, ते ह्याचसाठी.

बांध घातला असता, तर आतल्या बाजूची भरती-ओहोटी जवळजवळ निम्म्यावर आली असती. ओहोटीला उघडा पडणारा चिखल मोठ्या प्रमाणावर कायमचा पाण्याखाली गेला असता. वर चढणाऱ्या आणि खाली उतरणाऱ्या माशांना बांधातून, फिरत्या टर्बाइनांजवळून वाट काढावी लागली असती. माणसांचेही नुकसान होणार होते. वेल्सच्या बाजूला ब्लॅक रॉक येथे काही मच्छीमार ओहोटीच्या वेळी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, लाकडी चौकटीला बांधलेले 'लेव्ह' जाळे हाती धरून सामन पकडण्याची जुनी कला सांभाळीत आले आहेत. ह्या कलेने कोणी श्रीमंत झाले नाही. तरीही कोणत्या उधाणाला कोणत्या खडकामागे पाणी कसे वळते, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आलेले असते. पाणीच वळेनासे झाले, म्हणजे ते ज्ञान कोणाच्या उपयोगी पडणार?

असे बांध जगात अन्यत्र झाले आहेत. त्यांचा अनुभव काय सांगतो? फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर १९६६ साली २४० मेगावॅटचे वीज केंद्र सुरू झाले. साठ वर्षे होत आली, ते अजून वीज देत आहे, आणि त्याच्यावरून जाणारा रस्ता दोन्ही तीरांवरील गावांना जोडीत आहे. परंतु ते बांधताना नदीमुख सुमारे तीन वर्षे समुद्रापासून तोडले होते. त्या काळात तेथील सागरी जीवन जवळजवळ संपले. पाणी पुन्हा खेळू लागल्यावर सुमारे दहा वर्षांनी जीवसृष्टीची घडी बसली, पण ती पहिली घडी नव्हती; आणि गाळ साचण्याची अडचण मागे राहिली ती राहिलीच. कॅनडातील अॅनापोलिस रॉयल येथे १९८४ साली २० मेगावॅटचे केंद्र झाले. टर्बाइनांतून जाणाऱ्या माशांची हानी हा तेथील सततचा वाद होता. २०१९ साली ते केंद्र बंद पडले आणि पुन्हा सुरू झाले नाही.

तिसरे उदाहरण दक्षिण कोरियातील सिहवा येथील आहे, आणि ते आम्हाला सर्वांत उद्बोधक वाटते. तेथे समुद्राच्या एका फाट्यावर १२.७ किलोमीटरची भिंत घालून १९९४ साली गोड्या पाण्याचा जलाशय करण्यात आला. शेतीला पाणी मिळावे, हा हेतू होता. परंतु समुद्राचे येणे-जाणे थांबले, आसपासच्या कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी आत साचले आणि पाणी सडू लागले. शेवटी गोड्या पाण्याचा हट्ट सोडून समुद्राला पुन्हा आत घ्यावे लागले. त्याच भिंतीत २०११ साली २५४ मेगावॅटचे भरतीचे वीज केंद्र सुरू झाले, आणि पाणी खेळते झाल्याने जलाशय पुष्कळसा सुधारला. म्हणजे जे यंत्र एका ठिकाणी जखम करते, तेच दुसऱ्या ठिकाणी जुनी जखम भरून काढते. तात्पर्य, भरतीची वीज चांगली की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. ती कोठे, कोणत्या पाण्यावर आणि काय मोडून उभी राहते, हे विचारले पाहिजे.

येथे मूल्यमापनाचा, म्हणजे मोल ठरवण्याचा प्रश्न येतो. बांधाचा लाभ आकड्यांत सांगता येतो: इतके मेगावॅट, इतका कार्बन वाचला, इतक्यांना रोजगार. हानी आकड्यांत सांगणे कठीण असते. एका हंसाची किंमत किती पौंड? लेव्ह जाळ्याच्या कलेचे मोल कोणत्या वहीत मांडायचे? ज्याचा आकडा मांडता येत नाही, त्याच्या रकान्यात आपोआप शून्य पडते. आणि बेरीज करणाऱ्याला आपण पक्षपात केला, असे वाटतही नाही. म्हणून आम्हाला वाटते, अशा हिशेबात दोन वेगळे रकाने ठेवणे हाच प्रामाणिकपणा आहे. जे गेले तरी परत आणता येते, ते एका रकान्यात. जे गेले की गेलेच, ते दुसऱ्या रकान्यात. पैसा, वेळ आणि सोय ही पहिल्या रकान्यातली. माशांची वाट, चिखलातले जीवन आणि पिढ्यांनी जमवलेले ज्ञान ही दुसऱ्या रकान्यातली. पहिल्या रकान्यातील नफ्याने दुसऱ्या रकान्यातील तोटा भरून निघाला, असे म्हणणे म्हणजे आईचे दागिने गेले तरी पतपेढीत ठेव वाढली, असे समाधान मानण्यासारखे आहे.

ह्यावर असे सांगण्यात येते, की नष्ट झालेल्या पाणथळीच्या बदल्यात दुसरीकडे नवी पाणथळ करून देता येते. संरक्षित जागेसंबंधीच्या कायद्यांनी तशी भरपाई आवश्यकही केली आहे. ही सोय मुळीच नसण्यापेक्षा बरी. परंतु भरपाई शक्य आहे, हे नुकसान करण्याचे कारण होऊ शकत नाही. शिवाय सामन आपल्या जन्माच्या नदीकडेच परततो. दुसऱ्या परगण्यात कितीही सुंदर तळे बांधले, तरी त्याचा त्याला काही उपयोग नाही.

हिशेबातील आणखी एक गोष्ट सामान्य वाचकाच्या नजरेतून निसटते. अर्थशास्त्रात भविष्यातील रकमेचे आजचे मूल्य काढताना ती दरवर्षी ठरावीक दराने कमी धरण्याची रीत आहे. साडेतीन टक्क्यांचा दर धरला, तर शंभर वर्षांनंतरच्या १०० पौंडांचे आजचे मूल्य जेमतेम ३ पौंड भरते. व्यापारात ही रीत रास्त आहे. परंतु १२० वर्षे टिकणाऱ्या बांधाला ती लावली, की पणतवंडांना मिळणारी स्वच्छ वीज जवळजवळ कवडीमोल ठरते आणि पणतवंडांनी न पाहिलेले पक्षीही तितकेच कवडीमोल ठरतात. ह्या गणिताने बांधाची बाजूही दुबळी होते आणि नदीची बाजूही. बळकट राहते ती फक्त आजच्या माणसाची सोय. अजून जन्मास न आलेल्यांना मत देता येत नाही. त्यांचे मत आपणच द्यायचे असते, आणि ते तीन टक्के किमतीचे धरणे न्यायाला धरून नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली काढलेल्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात नेमका हाच विषय आला आहे. एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, ह्याचा अभ्यास योजना आखून झाल्यावर उपचार म्हणून करू नये. तो आरंभापासून, उघडपणे आणि कोणत्याही दबावाविना व्हावा, आणि स्थानिक रहिवाशांना त्यात विशेष स्थान असावे, असे त्यात सांगितले आहे. हा प्रकल्प कशासाठी, कोठे, केव्हा, कोणासाठी, धोके कोणते आणि त्यांची किंमत कोण भरणार, हे प्रश्न विचारण्यास त्यात सुचवले आहे. हे प्रश्न साधे आहेत. धर्मग्रामाच्या सभेतील कोणीही ते विचारू शकेल. त्यांची उत्तरे मात्र फार थोड्या योजनांना सरळ देता येतात.

सेव्हर्नच्या बाबतीत पुढे काय झाले? २००८ ते २०१० ह्या काळात ब्रिटिश सरकारने पुन्हा सविस्तर अभ्यास केला. मोठ्या बांधाचा खर्च ३४ अब्ज पौंडांपर्यंत जाऊ शकेल, असे दिसून आले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारने योजना बाजूस ठेवली. खाजगी पैशातून बांध उभारण्याचा एक प्रस्ताव त्यानंतर आला. २०१३ साली संसदेच्या समितीला तोही पटला नाही. मग नदीमुख पूर्ण न अडवता किनाऱ्यालगत पाण्याला वळसा घालणारी भिंत बांधावी, अशी मवाळ कल्पना पुढे आली. स्वान्सी येथे साडेनऊ किलोमीटर भिंतीचे, ३२० मेगावॅटचे आणि १.३ अब्ज पौंड खर्चाचे असे एक केंद्र व्हायचे होते. त्याला २०१५ साली बांधकामाची परवानगीही मिळाली. सरकारनेच नेमलेल्या हेन्ड्री पाहणीने जानेवारी २०१७ मध्ये त्याची शिफारस केली. तरीही जून २०१८ मध्ये, खर्चाच्या मानाने फायदा कमी म्हणून, सरकारने त्याला नकार दिला.

हे दोन नकार शेजारी ठेवून पाहावेत. मोठा बांध पुष्कळ काही कायमचे मोडणार होता; छोटी भिंत त्या मानाने थोडे मोडणार होती, आणि काही शिकवणारही होती. दोघांनाही नकार मिळाला, आणि दोन्ही वेळी मुख्य कारण पैशाचेच होते. पहिल्या नकाराने नदी वाचली ह्याचा आम्हाला आनंद आहे. परंतु ती स्वस्त पडली असती, तर वाचली असती काय, ही शंका मनातून जात नाही. योग्य निर्णय चुकीच्या कारणाने झाला, तर तो टिकेल ह्याची शाश्वती नसते. किंमत बदलली की तो फिरतो. नीतीच्या दृष्टीने म्हणूनच निर्णयाइतकेच त्याचे कारणही महत्त्वाचे असते.

आणि नकार दिला म्हणजे हात झटकून मोकळे झालो, असेही नाही. न बांधणे हाही एक निर्णयच आहे, आणि त्याचेही देणे असते. बांध नको म्हणणाऱ्याने ती ५ टक्के वीज आणायची कोठून, हे सांगितले पाहिजे. नाहीतर त्याच्या नकाराची किंमत दूरच्या कोणा गरिबाच्या खात्यावर पडते. ह्या बाबतीत ब्रिटनने आपले देणे काही अंशी फेडले, हे मान्य करावे लागेल. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तेथील कोळशावरचे शेवटचे वीज केंद्र बंद झाले. त्या वर्षी ब्रिटनच्या विजेतील सुमारे ३० टक्के वाटा वाऱ्यापासून मिळालेल्या विजेचा होता. सेव्हर्न न अडवता कोळशाचे युग संपवता आले. तरी देणे पूर्ण फिटलेले नाही. वायू जाळून केलेल्या विजेचा वाटा अजून मोठा आहे.

मार्च २०२५ मध्ये सेव्हर्नसाठी नेमलेल्या एका आयोगाने आपला अहवाल दिला. संपूर्ण नदीमुख अडवणारा बांध त्याने बाजूस ठेवला आणि प्रयोगादाखल किनाऱ्यालगतचे एक छोटे केंद्र उभारावे, असे सुचवले. आम्हाला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. लहानापासून आरंभ करावा, परिणाम पाहावा, आणि चूक दिसली तर मागे फिरता येईल एवढी वाट मोकळी ठेवावी. परंतु त्याच्या पहिल्या दगडाआधी दोन प्रश्नांची उत्तरे लेखी हवीत. ठरल्यापेक्षा अधिक मासे मेले, तर यंत्रे थांबवण्याचा अधिकार कोणाकडे राहील? आणि आयुष्य संपल्यावर ती भिंत काढण्याचा खर्च कोण देईल?

हा धडा आपल्याही देशाला लागू आहे. गंगेवरील फराक्का बंधारा १९७५ साली कार्यान्वित झाला, तो कोलकाता बंदरातील गाळ हटवण्याच्या चांगल्या हेतूने. त्यानंतर समुद्रातून वर चढणारा हिलसा मासा बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस जवळजवळ दिसेनासा झाला, आणि बिहारपासून वर नदीकाठच्या मच्छीमारांची एक मोठी मिळकत गेली. भारतात भरतीच्या विजेला सर्वांत अनुकूल जागा खंबात आणि कच्छ ह्या आखातांत आहेत. कच्छमध्ये ५० मेगावॅटची योजना २०११ साली जाहीर झाली, पण उभी राहिली नाही. सुंदरबनातील दुर्गादुआनी खाडीवरची ३.७५ मेगावॅटची योजना खर्चापायी सोडून द्यावी लागली. खंबातच्या आखातावर भिंत घालून गोड्या पाण्याचे सरोवर करणारी कल्पसर योजना कित्येक दशके विचारात आहे. तिचा विचार करणाऱ्यांनी सिहवाची कथा वाचूनच पुढे पाऊल टाकावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

आमचे मत आता स्पष्ट सांगावयास हवे. सेव्हर्नसारख्या जिवंत नदीमुखावर संपूर्ण बांध घालू नये; कारण त्याचा लाभ अन्य मार्गांनी मिळू शकतो आणि त्याची हानी कोणत्याच मार्गाने भरून येत नाही. जेथे माणसाने पाणी आधीच कोंडले आहे, तेथे मात्र भरतीची वीज हे वरदान ठरू शकते. आणि जो 'नको' म्हणतो, त्याने 'मग काय' ह्याचेही उत्तर दिले पाहिजे; विजेची बचत, दुसरे स्वच्छ मार्ग आणि आपल्या गरजांना थोडा आवर, ह्यांपैकी काही ना काही त्याने आपल्या अंगावर घेतले पाहिजे. घरातले अनावश्यक दिवे न मालवता नदीच्या बाजूने भाषण करणे सोपे आहे. परंतु तेवढ्याने नदीचे देणे फिटत नाही.